कोरी तबकडी

डॉरेट पिनॉक हो म्हणाली, तर डीजे ग्लेन होलरॉइडचं नाव पोस्टरवर सगळ्यात वर जाणार होतं. शनिवारी लीड्समध्ये जुन्या रेव्हवाल्यांचा, रात्रभर नाचणाऱ्यांचा मेळावा. आयोजकांनी साफ सांगितलं होतं : तुझ्या त्या बिननावाच्या तबकडीवरचं गाणं म्हणणारी बाई आण, शेवटचा तास तुझा. नाहीतर दुपारी चारला वाजव, लोक गाड्या लावत असताना.

कपडे दुरुस्तीच्या तिच्या दुकानात ग्लेन तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठला. ती गुडघ्यांवर बसून पुतळ्यावरच्या झग्याचा काठ दुमडत होती. तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे बोलणं सगळं ग्लेनचंच.

"तेहेतीस वर्षं लोक तुम्हाला शोधताहेत, बाई. नाव फक्त मला माहीत."

तिनं भुवया उंचावल्या.

"कारण तुमच्या तबकडीवरचं नावाचं लेबल मीच काढलं. कोमट पाण्यात भिजवून, नखानं. तेव्हा आम्ही सगळे डीजे तेच करायचो. नाव कळलं की दुसऱ्या दिवशी ते गाणं सगळ्यांकडे." तो खिडकीपाशी गेला, परत आला. "पहाटे पाचला लावायचो. चार हजार हात वर. पोरं माझ्या टेबलावर ओणवी होऊन तबकडी बघायची. कोरी."

तो हसला. मग त्याला एक गंमत आठवली. ती सांगितल्याशिवाय त्याला राहवेना.

"एकदा रेकॉर्डच्या दुकानात एक नर्स आली. नाव ठाऊक नाही, म्हणून बिचारीनं काउंटरवर तुमचं अख्खं गाणं म्हणून दाखवलं. दुकानदार म्हणाला, ओळखत नाही बुवा. आणि तुमच्या तबकड्यांचा खोका तिथंच, त्याच्या पायाशी, न फोडलेला. मी आपला छताकडे बघत उभा."

डॉरेटनं एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या.

"कधीची गोष्ट?"

"ऑगस्टचा शेवट."

"सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मी तो खोका परत आणला. भावाच्या व्हॅनमधून. दुकानदार म्हणाला, पोरी, एकानंही मागितलं नाही." ती गुडघा धरून उठली. "मला वाटलं, माझा आवाजच कुणाला आवडला नाही. त्यानंतर चर्चमध्येसुद्धा गायले नाही मी."

ग्लेनला बसावंसं वाटलं. बसवेना.

"पण आता दोन हजार लोक येतील. सगळ्यांना पाठ आहे ते."

"मला नाही राहिलं पाठ," ती म्हणाली. "तुम्हाला आहे ना? मग तुम्हीच गा."

ती तबकडी ग्लेननं पावणेचार पौंडांना घेतली होती. बाकीची किंमत या बाईनं भरली, आणि कशाची ते तिला आज कळलं.