प्लास्टरचे सहा आठवडे

"हात हलवू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "तिसऱ्यांदा सांगतेय."

मुलीने हात स्थिर धरला. वय सतरा, उजवं मनगट मोडलेलं. डॉक्टर हाड बसवून गेले होते. प्लास्टर चढवायचं काम सिस्टरांचं. सकाळपासूनचं हे आठवं. उभं राहून राहून त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या.

"कुठून पडलीस?"

"गच्चीवरून. शेजारच्या गच्चीवर उडी मारताना."

"व्हिडिओसाठी?"

मुलीने होकारार्थी मान हलवली.

सिस्टरांना आता रागही येईना. या महिन्यातली ही पाचवी. एक जण चालत्या ट्रकला लोंबकळला होता, एक मुलगी पुलाच्या कठड्यावर नाचली होती. सगळ्यांना ओरडून त्यांचा घसा बसला, फरक मात्र शून्य.

"किती जणांनी पाहिला मग?"

"माहीत नाही."

"कमाल आहे! जिवावर उदार व्हायचं आणि पाहिला किती जणांनी तेही ठाऊक नाही."

सिस्टर ओली पट्टी गुंडाळत राहिल्या.

"केसपेपरवर दिसतंय, गेल्या वर्षी घोटा, आता मनगट. उद्या मान मोडलीस तर माझ्याकडे त्याला प्लास्टर नाही, बाळा."

"सिस्टर, हे किती दिवस ठेवायचं?"

"सहा आठवडे."

"तीन महिने ठेवा ना."

सिस्टरांना दमलेलं हसू आलं. "परीक्षा चुकवायचीय वाटतं?"

मुलगी भिंतीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

बाहेर बाकावर आई बसली होती. रडून रडून चेहरा सुजलेला. सिस्टरांना तिची दया आली. त्या शेजारी टेकल्या, दिवसभरात पहिल्यांदाच.

"ताई, पोर वाईट नाही हो तुमची. घाबरलीय ती. तिच्या हातातला मोबाइल तेवढा काढून घ्या."

"तिला मोबाइल दिलेलाच नाही," आई डोळे पुसत म्हणाली. "सगळं मीच काढते, मीच टाकते."

तिने मांडीवरचा मोबाइल उचलून सिस्टरांच्या चेहऱ्यासमोर धरला.

"आत्ताचा आवाज नीट आला नाही बघा. ते 'पोर घाबरलीय' एवढं पुन्हा म्हणाल? जरा इकडे बघून."