मारव्यातला टँगो

शर्वाणी आयर्लंडमधल्या कासलबारच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि दर रविवारी गावातल्या नाचाच्या हॉलमध्ये टँगोच्या बँडसोबत व्हायोलिन वाजवायची. आज तिनं स्वतःचा पहिला टँगो मारवा रागात, लांब मींड घेत सुरू केला. मींड लांबली तसा ठेका हरवला आणि नाचणाऱ्या जोड्या खुर्च्यांकडे वळल्या. “सोड, जुनंच वाजवू,” बँडचा म्हातारा अर्जेंटिनी प्रमुख रामिरो कुजबुजला. “नाही,” ती म्हणाली. तिनं लाकडी फरशीवर टाच आपटत टँगोचा जुना ठेका धरला आणि मारवा त्याच्या मापात बसवला. ऐंशी वर्षांच्या मिसेस कीननी नवऱ्याला हात धरून उठवलं. मग दुसरी जोडी उठली, तिसरी उठली. धून संपली तेव्हा नाचायला आलेल्यांपैकी एकही माणूस बसलेला नव्हता. “ग्रँड, डॉक्टर! पुन्हा एकदा!” मिसेस कीन धापा टाकत ओरडल्या. रामिरोनं आपलं भात्याचं वाद्य मांडीवर घेतलं. “ठेका माझ्याकडे दे. तू बिनधास्त वाजव.”