जुन्या घाटाची रायफल

"हे लाकूड आहे की पाटाला मारलेला रंग?" शहरबानूने विचारलं. तिचं मत कोणी मागितलं नव्हतं.

काउंटरवर नवी कोरी रायफल आडवी ठेवली होती. घाट जुना, पण कारखान्यातून यंदाच निघालेली. चापाभोवती लोखंडाची मोठी कडी. कडी खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत जातं. यहया दाखवण्याची पोकळ काडतुसं भरून गिऱ्हाइकाला ते करून दाखवत होता.

"अक्रोडाचं आहे, खाला," तो हसून म्हणाला. "तुम्ही चहा घ्या ना. थंड होतोय."

शहरबानू शारजातल्या रोल्ल्याहून उम्म अल कुवैनपर्यंत टॅक्सी करून आली होती, ती चहा प्यायला नव्हे. मुलगा बघायला आली होती. माणूस घरी बघू नये, धंद्यावर बघावा, असं तिचे वडील म्हणत. घरी सगळेच सज्जन असतात. भाची फिरदोस तिशीला आली होती. ती आणि यहया एकदा भेटले होते, दोघांना चाललं होतं. राहिला होता तो शहरबानूचा होकार. घरातल्या कुठल्याच मुलीचं लग्न तिच्या होकाराशिवाय ठरलं नव्हतं. निघताना तिने भावाला बजावलं होतं, "आज पक्कं करूनच येते." पर्समध्ये होकार देताना तोंड गोड करायला खडीसाखरेची डबी होती.

तिला तिथलं काहीच पसंत पडलं नाही. वडिलांची ठासणीची बंदूक तिला अजून दिसत होती. घामाने काळा पडलेला दस्ता, पोत्यात गुंडाळून दाराआड ठेवलेली, दापोलीच्या पावसात दारूचा उग्र वास सोडणारी. ती बोलली की डुक्कर पडायचं. इथे बंदुका काचेमागे, बांगड्यांसारख्या, वर निळे दिवे. आणि हा मुलगा! बंदुका विकणारा माणूस कसा हवा? कमी बोलणारा. हा तर अत्तर विकत होता. एका वाक्यात दोनदा हबीबी. मालक दुसराच, दुकान दुसऱ्याचं. फिरदोसला याच्यापेक्षा चांगली स्थळं आली होती, आणि गेली होती. उरलं ते हे. असू दे. गोडबोल्या नवरा घरात निमूट राहतो. तक्रार करत नाही.

गिऱ्हाईक इथलंच, फहद नावाचं. वाळवंटात मोठं शेत, अंगात पांढरा स्वच्छ पायघोळ कंदुरा, आणि भारतीय व्यापाऱ्यांत वाढलेल्याची हिंदी. त्याने रायफल खांद्याला लावली, नळीवरून भिंतीकडे पाहिलं.

"सीधी है?"

"आप के जैसी, हबीबी."

शहरबानूने कप आदळला. काय ही लाडीगोडी! तिच्या वडिलांनी असा सौदा ऐकला असता तर दुकानाबाहेर जाऊन थुंकले असते.

फहदने दस्त्यावर टिचकी मारली. काडतुसं भरायची बाजूची झडप अंगठ्याने दाबली आणि अंगठा झटकला. "काटती है ये."

"नई है ना. थोडे दिन में दोस्त बन जाएगी."

फहद हसला. कडी झटक्यात ओढली, झटक्यात वर घेतली. खटाखट काडतुसं उडाली. त्याचा चेहरा खुलला. "खलास. पॅक करो." त्याने परवाना आणि कार्ड काउंटरवर टाकलं.

"ठहरो, फहदभाई."

यहयाने रायफल परत हातात घेतली. या वेळी कडी सावकाश ओढली, अर्ध्यातच वर घेतली. काडतूस तोंडाशी तिरपं अडकलं. कडी खालीही जाईना, वरही येईना.

"जोर से करो तो चलती है. धीरे किया, हाथ रुका, तो अटकती है. मेरे हाथ में भी अटकी है. देख के लो."

फहदने अडकलेलं काडतूस पाहिलं. मग यहयाकडे पाहिलं. "मैं तो ले रहा था, यार. अभी क्यूँ बोला?"

"घर जा के पता चलता, तो?"

फहदने कार्ड उचललं. "सोचता हूँ," म्हणाला आणि गेला. काचेचं दार त्याच्यामागे हळू मिटलं.

शहरबानूला राहवलं नाही. "अरे, अक्कल आहे का? लग्नाला उभा राहिलेला नवरदेव घोड्यावरून उतरवलास! पैसे काढले होते त्याने. कळलं असतं तेव्हा कळलं असतं. चालवून घेतली असती."

"घेतली असती, खाला." यहया लहान पकडीने काडतूस सोडवत होता. "आणि प्रत्येक वेळी अडकली की मला शिव्या घातल्या असत्या. बंदुकीला नाही हं. ती तर चांगली आहे. वापरायची कशी हे ठाऊक असलं की झालं."

"तो आता येत नाही परत."

"नाही आला तर नाही." काडतूस सुटलं. त्याने ते रुमालाने पुसून ठेवलं, रायफल काचेमागे नेली आणि येऊन तिच्यासमोर उभा राहिला. एकदम पोरसवदा दिसला. "तर खाला, माझं काय? पास की नापास?"

शहरबानूने पर्समधून डबी काढली. झाकण उघडलं. यहयाने हसत मान पुढे केली.

तिने झाकण पुन्हा लावलं.

"खाली बस, बाबा," ती म्हणाली. "फिरदोसला फिट येते. शाळेत असल्यापासून. औषध चुकलं की येते. ती पहिल्याच भेटीत तुला सांगणार होती, मी तिला गप्प केलं."