सरावाचं लग्न

मंगलाष्टकं संपली, आमच्या ह्यांनी अंतरपाट खाली घेतला, तुळशीवर अक्षता पडल्या आणि सूनबाई अजून कॅमेऱ्याची लेन्सच बदलत होती. पुढच्या आठवड्यात तिला पहिल्यांदाच खऱ्या लग्नाचे फोटो काढायचे होते. नवी लेन्स घ्यावी की दुसरा कॅमेरा, ते ठरेना, म्हणून तुळशीच्या लग्नात सराव चालला होता.

“आई, नेमका तोच फोटो हुकला!” तिचा चेहराच पडला.

“धरा हो परत अंतरपाट,” मी ह्यांना म्हटलं.

“अगं, देवाचं लग्न लागलं!”

“देव घरचाच आहे. थांबेल घटकाभर.”

दुसऱ्या खेपेला फोटो सुरेख आला. सूनबाई म्हणाली, “दुसरा कॅमेराच घेते, आई. दोन्ही लेन्स आधीच लावून ठेवीन.”

“घे बाई,” मी म्हटलं. “सगळेच नवरदेव बाळकृष्णाइतके सोशीक नसतात.”