नऊशे झबली

नीतिमत्ता सातासमुद्रापार पोचते, असं कारखान्याच्या भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं. पाटी तीन वर्षं पुसलेली नव्हती. त्या दुपारी परदेशी निघालेली झबली शिवताना मशीनवरच्या काकूंची सुई मोडली आणि टोक मिळेना. नियम असा, की सुईचे सगळे तुकडे मिळाल्याची सही झाल्याशिवाय माल हलत नाही. “करा हो सही,” सुपरवायझर म्हणाला, “ते बाळ कुठलं, तुम्ही कुठल्या! नाहीतर उद्यापासून घरी बसा.” “बसते की. पण त्याला टोचलं, तर त्याची आई मला शिव्या घालेल, त्या मला कळणारही नाहीत.” काकूंनी पहिलं झबलं तळहातानं चाचपलं. शेजारणीनं दुसरं उचललं, मग अख्खी रांग सरसावली. नऊशे झबली! एरवी त्या हॉलमध्ये एवढी शांतता फक्त वीज गेल्यावर व्हायची. शेवटी सुपरवायझरही मुकाट्यानं चाचपू लागला. टोक संध्याकाळी काकूंच्याच चपलेत रुतलेलं सापडलं.