हद्दपार

"सिफिलिस आमच्या तालुक्यातून कायमचा हद्दपार झाला आहे!" भंडाऱ्याच्या बैठकीत धनंजय कापगते साहेबांनी पडद्यावरच्या आलेखाकडे बोट दाखवत घोषणा केली. गुप्तरोगांचे आकडे गोळा करणं हीच त्यांची नोकरी, आणि त्यांच्या तालुक्याची रेघ खरोखरच जमिनीला टेकली होती. शेजारच्या तालुक्यांच्या रेघा मात्र त्याच वेळी ताडावर चढत होत्या; पण तेवढ्यात गरम आलुबोंडे आले, आणि प्रश्न विचारायला कोणाचंही तोंड रिकामं राहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात साहेब बायकोला, रुपाला, पाचव्या महिन्याच्या तपासणीला घेऊन गेले. डॉक्टर मॅडमनी आधी दार लावून घेतलं.

"रुपाताई, तुमच्या रक्तात सिफिलिस निघाला. आजच इंजेक्शन घेऊ, म्हणजे बाळाला धोका राहणार नाही. पण साहेब, तुमचंही रक्त तपासा लागते."

रुपाने पोटावर हात ठेवला. "अजी, मी तं घर सोडून कुठंच जात नाही. मंग मले हे आलं कुठून?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खुर्ची मॅडमच्या टेबलाजवळ ओढून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"मॅडम, बाळंतपण तं हिच्या माहेरी, लाखांदूरलेच होईल. ही केस तेवढी तिच्या माहेरच्या तालुक्यात टाका न... साऱ्या पहिलटकरणींची टाकतो आपण, तशीच."