ब्रेथवेटची बाजू

"ब्रेथवेटला मोजायचंच नाही," उरिएल म्हणाला, आणि त्याने डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटली.

निरिया कॉफीचं ताट घेऊन मागच्या दारातून बाहेर येत होती. अंगणात ताडपत्रीखाली चार म्हातारे बसले होते. तिचा नवरा ओविदिओ गेला त्या दिवसापासून रोज दुपारी येऊन बसत होते. बायकांनी प्रार्थना म्हणायच्या, पुरुषांनी डॉमिनो खेळायचा आणि जिच्या घरचं माणूस गेलं तिने सगळ्यांना कॉफी पाजायची, ही कार्ताहेनातल्या त्या वस्तीची रीतच होती. आज नववा दिवस, म्हणजे शेवटचा. संध्याकाळची प्रार्थना उरकली की ओविदिओच्या फोटोखालचं पांढरं कापड काढायचं, मागून आणलेल्या खुर्च्या परत करायच्या आणि आडवं व्हायचं. तिच्या मनात एवढंच होतं. पाय भरून आले होते. रडूनही झालं होतं.

वाद नेहमीचाच, जगातला सगळ्यात मोठा बॉक्सर कोण. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ऐकत होती. उरिएलने जन्मभर बस चालवली, पण बोलायचा असं की जणू याच्याच हाताखाली सगळे तयार झाले. नेस्तोर न्हावी. तो वेराक्रूझच्या कुठल्याशा डावखुऱ्याचा भक्त. चौघांतल्या एकानेही कधी ठोसा खाल्लेला नव्हता, उंटावरचे शहाणे सगळे. ठोसे खाल्लेला एकच माणूस या टेबलाशी बसायचा, तो ओविदिओ. आणि तो दर वेळी ब्रेथवेटची बाजू घ्यायचा.

पनामाचा लाझारो ब्रेथवेट! या नावाचा निरियाला तिटकारा होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्या मेल्याने ओविदिओचा जबडा मोडला. ती रेडिओपाशी बसून होती, आणि ती लढत संपता संपत नव्हती. नंतर कित्येक महिने ती नवऱ्याला माशाचं सूप गाळून, चमच्याने पाजत होती. ओविदिओ पुन्हा रिंगणात उतरला नाही. मासळीबाजारात बर्फ फोडून त्याने संसार केला. डावा कान गेला तो गेलाच. मग जीभ जड झाली, हात थरथरू लागले, आणि शेवटी शेवटी तर शर्टाची बटणंही तीच लावायची. आणि या बाबाने काय करावं? ब्रेथवेटचा फोटो वर्तमानपत्रातून कापून भिंतीवर चिकटवला, थेट येशूच्या तसबिरीशेजारी. ज्याने तुझं वाटोळं केलं त्याचेच गोडवे गातोस, तुला लाज कशी नाही वाटत, असं तिने एकदा तोंडावर विचारलं होतं. तो नुसता हसला. त्याच्यासारखा दुसरा झाला नाही गं, म्हणाला. डोक्यालाच मार बसलाय, त्याला काय बोलायचं, म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

तिने एकेकापुढे कप ठेवले. उरिएल रंगात आला होता.

"लढला कोणाशी तो? मॅनेजरने वेचून वेचून आणलेली माणसं. कोणी आजारी, कोणी उपाशी. चौथ्या फेरीच्या आत आडवी. असले पायलीचे पन्नास मिळतात."

मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय, असं म्हणत नेस्तोरने मान डोलावली. बाकीचे दोघे पत्त्यांत डोकं घालावं तसे सोंगट्यांत डोकं घालून बसले होते. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. ओविदिओच्या शवपेटीला खांदा देताना हाच उरिएल लहान पोरासारखा रडला होता. आपण कोणाच्या अंगणात बसून काय बोलतोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आता एक जड, अडखळता आवाज यायला हवा होता. इतकी वर्षं या ठिकाणी तो यायचाच. चला, एकमत झालं, ब्रेथवेट बाद, असं उरिएलने जाहीर करून टाकलं.

बरं झालं, असं निरियाला वाटलं. जन्मभर हेच तर ऐकायचं होतं. रिकामं ताट काखेत मारून ती स्वयंपाकघराकडे निघाली, आणि दारापाशी तिचा पाय अडला. ब्रेथवेटने सगळे आजारी नि उपाशीच लोळवले असतील, तर ओविदिओ कोण होता? त्याच्या सगळ्या आयुष्यात मोठी अशी ती एकच लढत. या टेबलाशी बसून माणूस जन्मभर भांडला, आणि स्वतःचं नाव एकदाही घेतलं नाही. आणि आपण त्याला वेडा ठरवून मोकळे झालो. आता त्याच्यासाठी भांडायला कोण उरलं होतं?

ती परत फिरली. ताट तिने मांडलेल्या डावावरच ठेवलं. चार सोंगट्या खाली पडल्या.

"अहो वहिनी, डाव मोडलात की," उरिएल म्हणाला.

"लाझारो ब्रेथवेटसारखा बॉक्सर या जगात झाला नाही," निरिया म्हणाली. "सगळ्यांना त्याने चौथीच्या आत झोपवलं. माझ्या नवऱ्याला पाडायला त्याला चौदा फेऱ्या लागल्या."